लायकीचा निकाल लावण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र शांतपणे वाचले. वाचलेले लक्षात राहत नाही, सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, मैत्रिणीच्या साध्या बोलण्यानेही डोळे भरून येतात आणि आपण मुळातच स्पर्धा परीक्षेच्या लायकीच्या नाही, असे तू लिहिले आहेस. त्याच पत्रात जाता जाता तू आणखीही काही लिहून गेली आहेस. रात्री दीड-दोनपर्यंत तू अभ्यासिकेत बसतेस, सकाळी चहा-बिस्किटांवर भागवतेस, मेसच्या डब्यातली भाजी नकोशी झाली की नुसता भात खाऊन डबा बंद करतेस, आणि सदाशिव पेठेतली खोली ते अभ्यासिका एवढ्या अंतराखेरीज तुझे दिवसभरात चालणे होत नाही. पहिल्या भागात आपण आपल्या स्वभावाचे वर्णन केले आहे, असे तुला वाटते. मला मात्र तो बऱ्याच अंशी दुसऱ्या भागाचा परिणाम वाटतो. म्हणून स्वतःच्या लायकीचा निकाल लावण्याआधी शरीराची बाजू ऐकून घे, असे माझे तुला कळकळीचे सांगणे आहे.

झोपेपासून सुरुवात करू. प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते, आणि दिवसभरात वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे बरेचसे काम त्या झोपेतच होते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर वाचलेली पंचवीस पाने ही जास्तीची कमाई नसते. आधी वाचलेल्यातलेच काही त्यापायी निसटत असते. भावनांचेही तसेच आहे. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा भीती आणि अस्वस्थता यांच्याशी निगडित असलेला मेंदूतला भाग झोप झालेल्यांच्या तुलनेत कितीतरी जास्त उसळला, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडलेला आढळला. मैत्रिणीच्या बोलण्याने तुला रडू येते, तेव्हा ती काय म्हणाली याआधी आदल्या रात्री आपण किती झोपलो होतो, हे आठवून पाहा. रात्री अकराला टपरीवर घेतलेल्या चहाचाही यात वाटा आहे, कारण शरीरात गेलेले कॅफिन निम्मे व्हायलाच साधारण ५ तास लागतात. संध्याकाळनंतरचा चहा तेवढा बंद कर, उठण्याची वेळ ठरवून टाक आणि उठल्यावर थोडा वेळ गच्चीत किंवा रस्त्यावर उजेडात उभी राहा. झोपेची वेळ हळूहळू आपोआप मागे सरकेल.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तिच्याकडे येतो. जिना चढताना धाप लागते, पाळीच्या दिवसांत उभे राहवत नाही आणि केस गळतात, असे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. त्या ओळीवर थांबायला हवे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे तुझ्या अभ्यासिकेतल्या निम्म्या मुलींनाही तो असू शकतो आणि त्यातल्या पुष्कळजणी त्याला आळस, चिडचिड किंवा एकाग्रतेचा अभाव अशी नावे देऊन स्वतःलाच बोल लावत असतील. रक्तातले हिमोग्लोबिन कमी झाले की पेशींना प्राणवायू कमी पोहोचतो. थकवा येतो, छातीत धडधडते, लक्ष लागत नाही, मन उदास होते. खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हेही लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, आणि मुली ते संकोचाने कोणाला सांगत नाहीत. तुझ्या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. याच तक्रारी थायरॉईडच्या बिघाडाने किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होतात, आणि घरात पूर्ण शाकाहार असल्यामुळे दुसरी शक्यता तुझ्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावी लागेल. या सगळ्याचा छडा रक्ताच्या साध्या तपासण्यांनी लागतो. डॉक्टरांना सर्व लक्षणे सांग, पाळीत किती रक्तस्राव होतो तेही सांग, आणि कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नकोस.

जेवणाबद्दल मी फार उपदेश करणार नाही, कारण मेसचा डबा तुझ्या हातात नाही. पण डब्याच्या आजूबाजूला काय घडते, ते तुझ्या हातात आहे. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर अन्नातले लोह शरीरात नीट शोषले जात नाही. तो तासाभराने घे. उसळीवर किंवा वरणावर लिंबू पिळले तर तेच लोह जास्त शोषले जाते. खोलीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ ठेव, मटकीला मोड आणायला तर शेगडीही लागत नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो. त्याच्याकडून दिवसभर काम करून घ्यायचे आणि सकाळी त्याला दोन बिस्किटांवर ठेवायचे, हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

चालण्याला वेळ नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. पाच दिवसांत वाटले तर रोजचा अर्धा तास होतो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या गतीने चालावे. अमेरिकेतच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणाशी संबंधित भाग वर्षभरात सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग थोडा आक्रसला. ती माणसे ५५ ते ८० वर्षांची होती, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा स्वतःला लावू नकोस. पण पायांच्या हालचालीचा परिणाम मेंदूच्या रचनेपर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून नक्की दिसते. डेक्कन कॉलेजात शिकताना टिळकांनी पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट तू ऐकली असशील. ती सांगून पुष्कळजण मुलांना दडपून टाकतात. तुला वर्ष द्यायचे नाही, अर्धा तास द्यायचा आहे, आणि पर्वती तुझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पर्वतीच्या पायऱ्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला स्मरणशक्तीइतकाच मोलाचा वाटतो. परीक्षेच्या दालनात हृदय धडधडू लागले, तळहात ओले झाले, श्वास उथळ झाला की आता काहीतरी भयंकर होणार, असे तुला वाटते, असे तू लिहिले आहेस. चढ चढतानाही हृदय असेच धडधडते, घाम येतो, श्वास वाढतो. वर पोहोचून कठड्याशी उभे राहिले की थोड्या वेळात सगळे पूर्वपदावर येते. हे रोज अनुभवणाऱ्या माणसाला धडधडीचे भय कमी वाटू लागते, कारण ती येते आणि ओसरते, हे त्याच्या शरीराला ठाऊक झालेले असते. मात्र रक्ताचा अहवाल येईपर्यंत सपाट रस्त्यावरच चाल; चढ नंतर.

उदास माणसाला चालायला जावेसे वाटत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून इच्छेची वाट पाहू नकोस. शेजारच्या खोलीतल्या मुलीशी वेळ ठरव. ती खाली येऊन थांबली आहे, एवढ्या भिडेनेही पाऊल बाहेर पडते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहितो. शरीर सांभाळले म्हणजे मनाचे आजार होतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. तालमीतल्या कसलेल्या मल्लालाही नैराश्य येऊ शकते आणि त्याला औषधोपचार व समुपदेशन लागू शकते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटली नाही, कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे. आणि जगणे नकोसे वाटले, तर त्या क्षणी, रात्र असो वा पहाट, मला फोन कर; माझा लागला नाही तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या निःशुल्क क्रमांकावर कर. तिथे चोवीस तास माणसे असतात आणि मराठीतून बोलता येते.

या आठवड्यात रक्त तपासून घे आणि अहवाल आला की त्यातले आकडे मला कळव. तोवर नवे वेळापत्रक आखू नकोस आणि आधीचे पाळता आले नाही म्हणून स्वतःला दोषही देऊ नकोस. अभ्यासक्रमाविषयी तू विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी मुद्दाम मागे ठेवली आहेत. तुझा अहवाल हातात आला की त्यावर सविस्तर लिहीन.

तुझा हितचिंतक