विचारा की! : पोरगी ‘मी गेलो’ म्हणती

प्रश्न : माझी मुलगी पाचवीला आहे. निबंधात तिनं ‘मी आईबरोबर जोतिबाला गेलो’ लिहिलं तर बाईंनी लाल पेननं गोल केला आणि ‘मुलगी आहेस ना?’ असा शेरा मारला. आमच्या घरात आज्जीपासनं सगळ्याजणी असंच बोलतो. पुण्याची जाऊ पण हसती. आमचं चुकतंय काय?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पेपरात ‘गेले’च लिहू दे, मार्क कशाला घालवायचे. पण तो शेरा काय मला पटला नाही.

पोरीचं बोलणं नीट ऐका, ‘मी गेलो पण आज्जी आली नाही’ असंच म्हणणार ती, आज्जीला ‘आला’ कधी म्हणायची नाही. म्हणजे फरक कळतोय की तिला, फक्त ‘मी’ म्हटलं की आपल्याकडं बाई-बाप्या दोघांचं एकच. आता कानडी बघा, गडहिंग्लज-निपाणीकडं कितीतरी घरांत दोन्ही भाषा चालतात, तर कानडीत ‘मी आलो’ला बाई काय आणि बाप्या काय, ‘बंदे’च म्हणणार, पण तो आला तर ‘बंद’ आणि ती आली तर ‘बंदळु’. सेम टू सेम! म्हणून अभ्यासक कानडीच्या शेजाराकडं बोट दाखवतात, आणि हा शेजार १९५६ ला राज्यांची हद्द पडायच्या कितीतरी आधीचा, बाजार, सोयरिकी सगळं मिसळलेलंच होतं.

बरं, ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना जाऊबाई तरी बाई असल्याचं कुठं दाखवतात? तिथं क्रियापद भाकरीच्या मागनं जातं, ते कुणाला खटकत नाही.

प्रमाण मराठी पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलीवर बेतली गेली, शाळेची पुस्तकं त्यातच आली, एवढंच. त्यांच्याच घरातलं ‘मी येत्ये, करत्ये’ पण पुस्तकात नाही, पण त्याला कोण हसत नाही, ते म्हणे गोड वाटतं! जाऊबाईंना हे जरूर ऐकवा.

प्रश्न : ‘करायलोय’ (म्हणजे ‘करतोय’) फक्त कोल्हापूरचं ना? हॉस्टेलवर पैज लागलीय.

उत्तर : हरलास भावा. सांगली-सोलापूर सोड, पार लातूर-नांदेडकडं पण ‘करायलो’ म्हणतात. पार्टी देऊन टाक.