डबा जागेवर असला पाहिजे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या दोन-तीन गावांतली, आई किंवा वडील गेलेली पोरं गोळा करून त्यांना जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीनं हुडकायचा खेळ, खेळायला न्यायचं तुझ्या मनात आहे, आणि यानं त्यांचं दुःख कमी होईल का, असं तू विचारलंयस. कमी होणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र दोघांनाही सोपं जाईल. महिन्यातली एक सकाळ त्यांना घराबाहेर, चार पोरांत, काहीतरी शोधत काढता येईल आणि पुढच्या महिन्यात ती सकाळ पुन्हा येणार, असा भरवसा बसेल. माझ्या मते एवढं पुष्कळ झालं.

आधी खेळाविषयी. मोबाइलवर अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकून डबा हुडकायचा, एवढंच काही लोकांना माहीत असतं. आपल्या बेळगावचेच आकडे घे: उत्तर १५ अंश ५१ मिनिटं, पूर्व ७४ अंश ३० मिनिटं. या मिनिटाच्या पुढे तीन दशांश स्थळं लिहितात. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम दोन मीटर. सातवीच्या पोरांना हा हिशोब वहीत करायला लाव, भूगोलाच्या पुस्तकातल्या त्या आडव्याउभ्या रेघा पहिल्यांदाच पायाखाली आल्यासारख्या वाटतात त्यांना. मोबाइल उघड्या माळावर पाच मीटरपर्यंत नेतो, दाट झाडीत त्याहून जास्त चुकतो. शेवटच्या चार ढांगांत डोळ्यांनीच शोधायचं असतं, आणि खेळाची खरी मजा तिथंच आहे.

मे २००० पर्यंत हे शक्यच नव्हतं. अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायचं, शंभरेक मीटरची गफलत सहज व्हायची. १ मेच्या मध्यरात्री ती भेसळ बंद झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. जागामालकाला न विचारता खड्डा खणून पुरणं आणि खाण्याची वस्तू ठेवणं या दोन्ही गोष्टी मात्र आता नियमात बसत नाहीत. म्हणजे त्या पहिल्या बादलीला आजच्या नियमानं परवानगीच मिळाली नसती!

त्याच ऑरेगनमध्ये, पोर्टलंड शहरात, १९८२ साली डगी सेंटर सुरू झालं. मेंदूत गाठ झालेल्या एका मुलाच्या नावावरून ते नाव. घरातलं माणूस गेलेल्या मुलांना तिथं एकत्र खेळू देतात. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही तर "मी नाही बोलत" म्हणायचीही मुभा. बादलीचा आणि या केंद्राचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तुला जे करायचंय त्याची दोन्ही टोकं एकाच मुलुखातली निघावीत, याची मला गंमत वाटते. त्या केंद्राची ती न बोलण्याची मुभा तेवढी तू उचल.

कारण आपल्याकडे पोरांना ती मिळत नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, जो येतो तो पोराच्या पाठीवरून हात फिरवून "आता तूच घरचा कर्ता" म्हणतो. पोर दहा वर्षांचं! पाच मिनिटं रडून ते उठतं आणि क्रिकेटला पळतं, तर आत्या म्हणते, ह्याला काही वाटतच नाही बघ. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यानं येतं, मधे खेळ, मधे भूक. अगदी लहान, चार-पाच वर्षांच्या पोराला तर मेलेलं माणूस परत येत नाही हेच पुरतं कळत नसतं. "बाबा गावाला गेलेत" असं सांगितलं की ते प्रत्येक एसटीकडे बघत बसतं. म्हणून तू स्वतः "वारले" हाच शब्द वापर. देवाघरी, गावाला, झोपलेत, यातलं काही नको.

आणि पहिल्या वर्षी त्या घरी सण नसतो. शेजारी फटाके वाजत असतात आणि हे पोर ओट्यावर बसलेलं. तुझी दिवाळीतली फिरती नेमकी त्या दिवसांत ठेव.

चालताना काय होतं ते सांगतो. राजहंसगडाच्या चढावर नववीतला एक मुलगा माझ्या पुढं चालला होता. मोबाइल चार मीटर दाखवत होता, हा काठीनं गवत बाजूला करत होता. कुणाकडेही न बघता म्हणाला, "बाबांचा टेंपो हितंच बंद पडायचा." मी म्हटलं, "पहिल्या गिअरमधे पण?" "पहिल्यातच की. मग मी उतरून दगड लावायचो चाकाला." पुढं दोन मिनिटं तो क्लच प्लेटवर बोलला, मग डबा सापडला आणि विषय संपला. अशा वेळी थांबायचं नाही, खांद्यावर हात टाकायचा नाही, "बोल बाळा, मन मोकळं कर" तर मुळीच म्हणायचं नाही. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हाच मुलगा बूट बघत बसला असता. शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलायला नजर लागत नाही. पोर टेंपोविषयी बोलतंय ना, मग तूही टेंपोविषयीच बोल.

फक्त दुःखातल्या पोरांचा गट करू नकोस. गावभर "ती बिनबापाची पोरं निघाली" असं होईल. भावंडं, वर्गमित्र, शेजारची वांड कार्टी, सगळ्यांना घे. कुणाच्या घरी काय झालंय ते तुला माहीत असलं की झालं. पालकांची लेखी संमती घे, एकट्या मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल कधीही पाठवू नकोस आणि पोरांची नावं, फोटो कुठंही टाकू नकोस.

आता डबा. स्टीलचा नको, उन्हात तापतो आणि शेवटी कुणाच्या तरी घरी लोणच्याला जातो. चारी बाजूंनी खटके असलेला, झाकणाला रबराची कडी असलेला प्लास्टिकचा डबा घे. आत वही, ती झिपच्या पिशवीत. पेन नको, ओल लागली की शाई फुटते. पेन्सिल ठेव, आणि टोक करायचं यंत्रसुद्धा. चॉकलेट ठेवायचा मोह होईल, ठेवू नकोस. मुंग्या तर येतातच, आणि तुझ्या तालुक्याच्या पश्चिमेला अस्वलंही आहेत.

देवाणघेवाणीच्या वस्तूंपाशी जरा थांबून वाच. गोट्या, खोडरबर, किल्लीची साखळी, असलं काहीही चालतं. पण एखादं पोर खिशातून वडिलांचं घड्याळ काढेल आणि म्हणेल, हे ठेवतो. ठेवू द्यायचं नाही. ज्याला डबा सापडेल त्याला त्यातली वस्तू उचलायचा हक्क आहे, हाच खेळ आहे. महिन्यानं घड्याळ जागेवर नसेल तेव्हा त्या पोराला काय सांगशील? बिल्ल्यावर क्रमांक कोरलेल्या, डब्याडब्यातून देशोदेशी फिरणाऱ्या वस्तूही असतात, त्यांचा प्रवास या खेळाच्या संकेतस्थळावर दिसतो. वाचायला फार छान वाटतं. पण त्यातल्या कितीतरी वाटेत गहाळ होतात, तेव्हा गेलेल्या माणसाची वस्तू त्यावरही पाठवायची नाही. अगदीच हट्ट धरला तर घड्याळाचं चित्र काढून ठेवू दे.

कुणी काका-मामा चांगल्या मनानं सुचवेल की, "बाबांनी तुझ्यासाठी लपवून ठेवलंय" असं सांगून शोधायला लावू. तिथंच थांबव. शोधलं की सापडतं, हे पोरानं डब्याच्या बाबतीतच शिकलेलं बरं.

जागा निवडताना आपला मुलूख ध्यानात ठेव. जंगल खात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय जायचं नाही, भीमगड तर अभयारण्यच आहे. कॅम्पात आणि लष्कराच्या कुंपणाजवळ डबा ठेवायचा विचारही नको. जांभ्याच्या कपारीत पोरांना हात घालू देऊ नकोस, आधी काठी. गोकाकचा धबधबा मोहाचा आहे, पण पाणी ५२ मीटर खाली पडतं आणि पोरांची नजर मोबाइलवर असते, तेव्हा तो राहू दे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ सालची, संरक्षित वास्तू, तिथं डबा ठेवता येत नाही. पण कोडं ठेवता येतं. आत छताला दगडी कमळ आहे, त्याच्या ७२ पाकळ्या भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या, असं सांगतात. पोरांना खाली उभं करून मोजायला लाव आणि येईल त्या आकड्यावरून पुढच्या ठिकाणाचे अंक काढायला दे. माना मोडेपर्यंत मोजतात आणि दर वेळी भांडतात. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशीही असंच करता येईल. १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं अधिवेशन तिथं झालं, सालातून अंक घेता येतात.

आणखी एक, हे बाहेरच्या कुणा जाणकाराला सुचणार नाही म्हणून मीच सांगतो. पुतळा, गावाच्या नावाचा फलक, झेंड्याचा खांब, यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. आपल्याकडे फलकाजवळ अनोळखी डबा दिसला की अर्ध्या तासात दोन गट आणि पोलिसांची गाडी हजर होते. एक नोव्हेंबरला फिरती नकोच. कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी, त्या दिवशी बेळगावात शहाण्यानं पोरं घेऊन फिरू नये. डब्यावर कन्नड आणि मराठी दोन्हींत ठळक लिही: हा खेळाचा डबा आहे, धोका नाही, हा फोन नंबर. ग्रामपंचायतीत आणि पोलीस चौकीत आधी सांगून ठेव. सीमाप्रश्नावर तुझं-माझं मत काय ते आपल्यापाशी. वहीत मात्र ज्याला ज्या भाषेत लिहायचं त्यानं त्या भाषेत लिहावं. कन्नड शाळेतल्या पोरीचे वडील वारले म्हणून ती वेगळी रडत नाही.

सुरुवातीला संकेतस्थळावर नोंद करू नकोस. नोंदीला तपासनीस असतात, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि देखभाल कोण करणार हे सांगावं लागतं. पहिलं वर्ष कागदावर आकडे देऊन खेळा. जमलं तर पुढं नोंदव. मग चोर्ला घाटातून गोव्याला निघालेला कुणीतरी वाट वाकडी करून येईल आणि वहीत चार ओळी लिहील. पोरांना त्याचं भारी अप्रूप असतं.

देखभालीवर माझा सगळा जोर आहे. तू पत्रात नकाशा, बिल्ले, टी-शर्ट असं बरंच लिहिलंयस, देखभालीवर एक ओळ नाही. या खेळात "सापडला नाही" ही रीतसर नोंद असते आणि ती करायला कुणी लाजत नाही, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांग. पण हुडकता न आल्यामुळं न सापडणं वेगळं आणि डबा तिथं नसणंच वेगळं. ज्याच्या घरातलं माणूस सकाळी कामाला गेलं आणि परत आलं नाही, त्या पोराला रिकाम्या कपारीपुढं उभं करायचं नाही. आदल्या दिवशी तू स्वतः जाऊन बघ. भिजलेली वही बदल, जुनी सांभाळून ठेव, गेलेला डबा पुन्हा मांड. पावसात, परीक्षेच्या दिवसांत, तुझं लग्न ठरल्यावरसुद्धा. जमणार नसेल तर दोन डबे मांड, दहा नकोत. आणि कधी थांबायची वेळ आली तर पोरांना बरोबर नेऊन, सांगून, त्यांच्या हातानं डबा उचल. पोरं गळतीला लागली म्हणून गुपचूप बंद केलेला उपक्रम म्हणजे त्यांच्यासाठी न सांगता गेलेलं आणखी एक माणूस.

काही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात. पोर आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, किंवा "मला पण बाबांकडे जायचंय" असं म्हणत असेल तर फिरतीवर विसंबू नकोस. घरच्यांशी बोल आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन लाव. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. घरात मारहाण किंवा उपासमार दिसली तर मुलांसाठीची मदतवाहिनी, १०९८. दोन्ही नंबर पाठ कर.

पाऊस ओसरल्यावर, गणपती झाल्यावर सुरू कर. तोवर गणपत गल्लीत जाऊन डबा घे, आत कोरडा कागद घालून रात्रभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेव. सकाळी कागद ओला निघाला तर दुसरा डबा बघ. झाकणावरच्या कन्नड मजकुराचा मसुदा मला पाठव, शेजारच्या मास्तरांकडून तपासून देतो. माझं कन्नड बाजारापुरतंच आहे.

तुझे,
सर