शाळेच्या दिवशीच पोट दुखतं, दाखवायचं कुणाला?

प्रश्न : ताई, मुलगी 9 वर्षांची आहे, महिनाभर झाला रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, सुट्टीच्या दिवशी मात्र ठणठणीत. डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत, नवरा म्हणतो काउन्सेलरकडे नेलं की पोरीवर शिक्का बसेल. काय करू?

उत्तर : नाटकं नाहीत हो ती. टेन्शन आलं की पोट खरंच दुखतं, मोठ्यांचंही परीक्षेआधी दुखतंच की! आधी वर्गशिक्षिकेशी बोला, कुणी चिडवतंय का, वाचायला अडतंय का, ते कळू दे. मग शाळेत काउन्सेलर असेल तर तिथून सुरुवात करा, नाहीतर मुलांसोबत काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा, ते औषधं देत नाहीत, बोलून, खेळातून, चित्रांतून काम करतात. गोळ्यांची गरज वाटलीच तर सायकियाट्रिस्ट, पण तो लगेचचा विषय नाही. पहिल्या भेटीत निम्मे प्रश्न तर तुम्हालाच विचारतील, झोप कशी, घरात काही बदललंय का, सकाळी ती रडली की कोण काय बोलतं वगैरे, म्हणून नवऱ्यालाही सोबत न्याच. आणि हो, रोज घरी ठेवू नका, त्याने भीती वाढत जाते, सुरुवातीला दोन तास तरी बसू द्या असं शाळेला सांगून बघा. शिक्क्याचं म्हणाल तर 10 ते 19 वयात जगभरात दर 7 पैकी एकाला मानसिक त्रास असतो असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. फक्त मुलगी कधी 'मला जगायचंच नाही' असं काही बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.