इंदूरचा भू-वापर अभ्यासताना: पहिली पावले

शहरातील कोणती जागा कशासाठी वापरली जाते, हे दाखवणारा इंदूरचा नकाशा आपण हाती घेतलात याचा मनापासून आनंद वाटला. मात्र समाजशास्त्रज्ञ बर्जेस यांची १९२५ची वर्तुळे, म्हणजे शहर केंद्राभोवती वलयावलयांनी वाढते असे दाखवणारी आकृती, शिकागोवरून आखलेली आहेत; ती इंदूरवर जशीच्या तशी बसवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय.

आरंभी राजवाडा, सराफा आणि कापड बाजार पायी फिरावे. तेथे खाली दुकान व वर बिऱ्हाड असल्याने, नकाशावर एका इमारतीला एकाच वापराचा एकच रंग देण्याचा मोह टाळावा. नंतर मालवा मिल या जुन्या कापड गिरणीचा परिसर पाहावा. कामगारांना पायी कामावर जाता यावे म्हणून गिरण्यांभोवती वस्त्या कशा दाटल्या, हे तेथे उमगते.

प्रत्येक ठिकाणी, ही जागा कोणाला परवडते आणि का, एवढेच विचारावे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा १९१८चा इंदूर अहवाल त्यानंतर वाचावा.