एफडीला हप्ता नसतो

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे ४४ वर्षांचे. गावात फोटो स्टुडिओ, झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान, लग्नसराईत शूटिंगच्या ऑर्डरी, शिवाय सहा एकर धान. घरी आई, पत्नी, आठवीतला मुलगा. मुलगी बारावीच्या क्लाससाठी नागपुरात. पंचवीस वर्षांपासून ते सिनेमाच्या डिस्क जमवतात. व्हीसीडी-डीव्हीडी मिळून ९०० झाल्या आहेत. नागपूरचे त्यांच्या ओळखीचे एक संग्राहक आता आपला संग्रह मोकळा करताहेत: ४२० ब्लू-रे आणि एक फोर-के प्लेअर, सगळं मिळून १ लाख ८० हजार.

‘यातल्या बऱ्याच डिस्क छापणं बंद झालं आहे, म्हणजे भाव वाढणारच. ९० हजार पीककर्जातून काढतो, बाकी उधार मिळतील. गावात छोटं थिएटर करून तिकीट लावलं तर दोन वर्षांत वसूल. घेऊ का, सर?’ हा त्यांचा प्रश्न.

पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ‘तशी काळजी नाही. बँकेत एफडी आहे, वीस वर्षांनी दुप्पट होते. तिचा तिसरा हप्ता जूनमध्ये आहे. मागच्या वर्षी घरच्यांची एकदाणी ठेवून भरला, यंदा पाटल्या ठेवू.’

एफडीला हप्ता नसतो, भाऊ. पैसे एकदा ठेवले की ठेवले. दरवर्षी भरावं लागतं आणि भरलं नाही तर बंद पडतं, ती विमा पॉलिसी. म्हणून मी तुमच्याकडून कागदांचे फोटो मागवले आणि भीती खरी ठरली. प्लॉट विकून आलेले पैसे ठेवायला तुम्ही बँकेत गेलात आणि एन्डॉमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, घेऊन घरी आलात. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षाअखेर साधारण २० लाख मिळायचे. विमा फक्त १० लाखांचा. माहितीपत्रकाच्या मागे निळ्या पेनानं लिहिलंय: ‘एफडी, १० चे २० डबल’. टेबलापलीकडच्या माणसाला ते लिहिताना काहीच वाटलं नाही, याचा मला मनस्वी राग आहे. प्लॉट विकून आलेला माणूस, हातात रोख, समोर ओळखीची बँक. त्यानं एफडी मागितली होती, ती द्यायची.

म्हणून तुमच्या डिस्कांचं नंतर बघू. आधी हे.

‘डबल’ म्हणजे नेमकं किती, ते पाहू. तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं त्यांच्याकडे राहणार. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे साडेचार टक्के. पोस्टाचं किसान विकास पत्र आजच्या ७.५ टक्के दरानं ११५ महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या आसपास. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. तो पुढे बदलू शकतो, पण आजचा धरून चालू. तेच लाख-लाख रुपये दहा वर्षं पीपीएफमध्ये भरले आणि खातं विसाव्या वर्षापर्यंत वाढवत नेलं, तर साडेएकोणतीस लाख होतात.

‘पण आता दोन लाख अडकलेत, सोडले तर बुडतील,’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. हीच भीती लोकांना अशा पॉलिसीत पंधरा-वीस वर्षं धरून ठेवते. समजा, ते दोन लाख पूर्ण गेले, एक रुपयाही परत आला नाही. उरलेले आठ हप्ते पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये टाकले तर त्याच तारखेला त्यांचे जवळपास २२ लाख होतात. पॉलिसी २० देते. दोन लाखांवर पाणी सोडूनही तुम्ही पुढेच राहता. आणि पूर्ण पाणी सोडावं लागणारही नाही. दोन हप्त्यांनंतर साधारण ३० ते ३५ टक्के परत मिळतात, म्हणजे ६० ते ७० हजार. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या.

आता एकदाणीचं, म्हणजे गळ्यातल्या त्या सोन्याच्या माळेचं. दीड तोळ्याची, एका फायनान्स कंपनीत ठेवलेली, त्यावर १ लाख उचललेले, व्याज महिन्याला दीड टक्का. ‘दीड टक्का’ ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचे ते १८ टक्के, म्हणजे १८ हजार रुपये. ते लाख रुपये तुम्ही साडेचार टक्के देणाऱ्या पॉलिसीत घातले. दरवर्षी साडेतेरा हजारांचा खड्डा, आणि पाटल्या ठेवल्या की दुसरा तेवढाच. तुमची मिळकत मी अशी धरली: दुकानाचे ३ लाख, शूटिंगचे दीड, धानाचा खर्च वजा जाता १ लाख. साडेपाच लाख. सरकारकडून धानाला मिळणारा बोनस मी धरलेला नाही. तो जाहीर होऊन खात्यात येईल तेव्हा धरू. घरखर्च २ लाख ६५ हजार, मुलीचं नागपूर सव्वा लाख. हप्ता आणि व्याज भरून हातात राहतात ४०-४२ हजार. त्यातून आईचं औषधपाणीही भागवायचं.

आणि उद्या तुम्हालाच काही झालं तर? चार माणसांचं घर १० लाखांवर किती चालेल? तुमच्या घरचा खर्चच वर्षाला चार लाखांच्या जवळ आहे.

तेव्हा असं करा. जूनचा हप्ता भरू नका, पाटल्या घरातच राहू द्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि बँकेच्या शाखेला लेखी तक्रार द्या: एफडी म्हणून पॉलिसी विकली, पूर्ण रक्कम परत हवी. निळ्या पेनाचा कागद जोडा. मूळ प्रत घरी ठेवा, झेरॉक्स तुमच्याच दुकानात आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी घेताना कंपनीचा फोन आला तेव्हा सांगितल्याप्रमाणे सगळ्याला ‘हो हो’ म्हटल्याचं तुम्ही प्रामाणिकपणे कळवलंत. त्यानं तुमची बाजू थोडी कमजोर होते, पण तो कागद बोलका आहे. कंपनीचं उत्तर येईपर्यंत पॉलिसी सरेंडर करू नका, म्हणजे मध्येच मोडून पैसे परत घेऊ नका. तेवढ्यात एकदाणीवरचे दोन-तीन हजार व्याज जाईल, ते जाऊ द्या. पूर्ण रक्कम मिळाली तर उत्तमच. नाहीतर सरेंडर करा आणि येतील ते ६५ हजार सरळ सोनेतारण कर्जात भरा. वरचे ३५ हजार लग्नसराईच्या पैशांतून घाला. हप्ता न भरता पॉलिसी ‘पेड-अप’ करून ठेवा, असं कोणी सुचवेल. १८ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना पैसे आणखी अठरा वर्षं तिथं पडू देण्यात काही अर्थ नाही.

एकदाणी सुटली की वर्षाचे १८ हजार वाचतात. तेवढ्यात साठीपर्यंतचा ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, बसतो. तंबाखू नसेल तर १२ ते १५ हजार, असेल तर २० च्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे. तुम्ही खर्रा खाता की नाही ते पत्रात नाही. खात असाल तर अर्जात तसं लिहा. पाच-आठ हजार वाचवायला लपवलं तर घरच्यांचा दावा अडकतो. जुनी पॉलिसी सरेंडर करण्याआधी ही टर्म पॉलिसी हातात आली पाहिजे, मध्ये एक दिवसही उघडा जाऊ देऊ नका. बँक खात्यावरचे, वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा याच आठवड्यात सुरू करा. रात्री धानाच्या बांधीत पाणी बघायला जाता ना? सुरक्षा विम्यात सर्पदंशानं झालेला मृत्यूही धरतात.

पीककर्जाला हात लावू नका. मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून ३ लाखांपर्यंतचं कर्ज शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. इतका स्वस्त पैसा दुसरा नाही. तो डिस्कांत अडकला आणि तारीख हुकली, तर सवलत गेली आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडलं.

आता ते ४२० ब्लू-रे. घेऊ नका, निदान सगळे एकदम नको आणि उधारीवर तर मुळीच नको. प्लेअरचे २५ हजार बाजूला काढले तर एक डिस्क ३७० रुपयांना पडते. भाव चुकीचा नाही. पण आठवड्याला एक पाहिली तरी ४२० संपायला आठ वर्षं लागतील. भाव वाढेल ही आशा मात्र सोडा. तुमच्याच कपाटात पाहा. मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा तुमचा निम्मा संग्रह झाला. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, छपाई थांबली, म्हणून त्या डिस्कांचा भाव वाढला का? तुमच्या ९०० डिस्कांचे ब्रह्मपुरीत कोणी ४ हजार देत होता, हे तुम्हीच लिहिलंय. लाखांनी छापलेली वस्तू छपाई बंद झाल्यानं दुर्मीळ होत नाही. मोजक्या परदेशी आवृत्त्यांना भाव येतो, पण त्यांचं गिऱ्हाईक शोधायला ब्रह्मपुरीहून कुठं जाणार? शिवाय प्लेअर बनवणारेच कमी होताहेत. ओप्पोनं २०१८ मध्ये थांबवले, सॅमसंगनं २०१९ मध्ये, एलजीनं २०२४ मध्ये. डिस्क टिकेल, पण लेन्स गेली तर दुरुस्ती कोण करणार? आणि यातल्या अमेरिकेतून आणलेल्या काही डिस्क रीजन ‘ए’च्या असतील तर त्या आपल्या रीजन ‘सी’च्या प्लेअरवर चालणारच नाहीत. फोर-के डिस्कला ती अडचण नाही.

तिकिटाचं थिएटर विसरा. डिस्क घरी पाहण्यासाठी असते, सुरुवातीच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं. तिकीट लावून दाखवायला किंवा भाड्यानं द्यायला हक्कदाराची परवानगी लागते. त्या धंद्याचं उत्पन्न शून्य धरा.

छंदाबद्दल माझी तक्रार नाही. ओटीटीवरचा करार संपला की सिनेमा रातोरात गायब होतो, आणि गावात पावसाळ्यात नेट किती चालतं ते मला माहीत आहे. जे आवडतं ते हातात असावं, ही ओढ मला पटते. एकदाणी घरी आल्यावर महिन्याला हजार रुपये छंदाचे ठेवा. खर्च म्हणून ठेवा, गुंतवणूक म्हणून नको. नागपूरकरांना सांगा, वर्षाकाठी निवडून तीस डिस्क घेतो. ते हो म्हणतील, न म्हणतील.

पण तुमच्या एका फोटोत मला वेगळंच काही दिसलं. माळ्यावर टिनाखाली पांढऱ्या पाकिटांतल्या डिस्कांची चळत आहे, मार्करनं गावाचं नाव आणि साल लिहिलेलं. विचारलं तर म्हणालात, ‘ते काही नाही, मंडईतल्या नाटकांचं जुनं शूटिंग.’ राईट केलेल्या १६० डीव्हीडी आणि ४० मिनीडीव्ही कॅसेट. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं, रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणारी, गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तुम्ही स्वतः उभं राहून टिपलेली. यातले काही कलावंत आता नाहीत, हेही तुम्हीच सांगितलंत. ब्लू-रे जगात कुठंतरी दुसरा सापडेल. यांची दुसरी प्रत नाही.

आणि राईट केलेली डिस्क छापील डिस्कपेक्षा नाजूक असते. तिच्यात रंगाचा थर असतो, तो उन्हानं आणि उष्णतेनं उडतो. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो. टिनाखाली किती होत असेल ते माळ्यावर चढणाऱ्यालाच ठाऊक. छापील डिस्कसुद्धा अमर नसतात, आतल्या अॅल्युमिनियमच्या थराला हवा लागली की त्या खराब होऊ लागतात. फोटोत तुमच्या एका पाकिटातून डोकावणारी कडही मला खराब होत चाललेली वाटली.

डीव्हीडीचे सातशे जीबी, कॅसेटचे साधारण पाचशे. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क १५ हजारांत येतील, बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह दोन हजारांत. एक हार्ड डिस्क दुकानात, दुसरी मुलीजवळ नागपुरात. कॅसेट उतरवायला तुमचा जुना कॅमेरा आणि फायरवायरचं पोर्ट असलेला कॉम्प्युटर लागेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. यूट्यूबवर टाकायचं झालं तर आधी त्या मंडळाला आणि लेखकाला विचारा.

हे १७ हजार मात्र एकदाणी सुटायची वाट न पाहता, जूनच्या आधीच खर्च करा. चळत आजच माळ्यावरून काढून खालच्या खोलीत ठेवा, आणि सगळ्यात जुनं साल असलेली डिस्क पहिली उतरवा.