सॉकेटवर पैठणीचा मोर येईल का?

प्रश्न: ताई, मी पंचवटीत राहते, वय 24. अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठ महिने पहिला कृत्रिम पाय वापरला, आता पक्का करायचाय. मी ढोलपथकात वाजवते. मला सॉकेटवर, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचावर, पैठणीचा मोर हवाय. बाबा म्हणतात, कातडीच्या रंगाचाच घे, लग्न जमायचंय. काय करू?

उत्तर: मोरच घे. कातडीच्या रंगाचा पाय मागणारे माझ्याकडे रोज येतात आणि रंग जुळवायला मी मनापासून वेळ देते. पाय दिसू नये असं ज्याला वाटतं, त्याचा तो हक्कच आहे. तुला दिसावासा वाटतोय, तर तोही हक्कच.

बाबांना सांग, हे खूळ नव्हे. 1998 साली लंडनमध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेली धावपटू एमी मलिन्स कोरीव लाकडी पाय घालून अलेक्झांडर मॅक्वीनच्या फॅशन शोमध्ये चालली. बघणाऱ्यांना ते बूटच वाटले. 2012च्या लंडन पॅरालिम्पिकच्या समारोपात गायिका व्हिक्टोरिया मोडेस्टा खड्यांनी मढवलेला पाय घालून मंचावर आली. आणि आपला जयपूर फूट? रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठींनी तो घडवला, तो इथल्या माणसाला उकिडवं बसता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. तुझ्या जगण्यात ढोल आहे, पैठणी आहे.

आता मोराचं. खरी पैठणी सॉकेटवर चढवू नकोस. रेशीम ताणलं जात नाही, वळणावर चुण्या पडतात, जरही जाड. येवल्याला जाऊन पदराचा चांगला फोटो काढ आणि होजिअरीच्या कापडावर छापून घे. बाबांना सोबत ने, पदर त्यांनाच निवडू दे. प्लास्टरच्या साच्यावर आतले थर चढले, की शेवटी हे कापड मोज्यासारखं ओढायचं, शिवण मागे पोटरीकडे. इथे घाई करणाऱ्या मुलांना मी रागावते, कारण जास्त ओढलं की मोराची मान लांबते. मग वरून रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, सोडून व्हॅक्यूमने हवा काढायची. रेझिन मुरताना मोराचा निळा रंग डोळ्यांदेखत गडद होत जातो. ते बघायला वर्कशॉपमध्ये थांबच.

हे अशा कापड आणि रेझिनच्या, म्हणजे लॅमिनेशनच्या सॉकेटवरच जमतं. जयपूर पद्धतीच्या एचडीपीई प्लास्टिकच्या पायावर रंग नीट धरत नाही. तिथे काढता-घालता येणारं कव्हर करावं.

मात्र आधी ट्रायल सॉकेट घालून भरपूर चाल. स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाचा आकार अजून उतरत असेल तर थांब. कुठे टोचलं, लाल झालं, तर ते तेव्हाच सांग. लॅमिनेशननंतर मोठा फेरफार करायचा म्हणजे मोरच घासला जाणार.

आणि कमरेला ढोल बांधला की भार पुढे येतो. म्हणून अलाइनमेंटच्या, म्हणजे पायाचा कोन आणि तोल जुळवायच्या दिवशी ढोल घेऊनच जा, बांधून, उभं राहून वाजवून दाखव.