उंची सव्वासहा फूट, सायकलची फ्रेम ५६ची चालेल का?

प्रश्न : नमस्कार दादा, माझी उंची ६ फूट ३ इंच, पहिलीच रोड बाईक, म्हणजे रेसच्या धर्तीची सायकल घेतोय. दुकानात ५६ साईजची (५६ सेंमी फ्रेमची) पडून आहे, डिस्काउंटपण चांगला देतायत, दुकानदार म्हणतो सीट वर घ्या की झालं. घेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घेऊ. सीट वर घेतली की पायांचं भागतं हो, पण हँडल राहतं ना तिथंच खाली, मग तासाभरात मान धरते, तळवे बधिर होतात. आणि सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची फ्रेमची नळी, तिरकी असते, साधारण ७३ अंशात, त्यामुळे पोस्ट (सीटचा दांडा) १० सेंमी वर काढली की सीट ३ सेंमी मागेपण जाते, हे दुकानात कोणी सांगत नाही. पोस्टवर मिनिमम इन्सर्शनची रेघ असते, म्हणजे निदान इतकी तरी आत हवी, ती बाहेर दिसायला लागली तर पोस्ट नाहीतर फ्रेम, काहीतरी एक तडकणार.

आधी घरी पायांचं माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांत वीतभर अंतर, एखादं जाडजूड पुस्तक जांघेत वर दाबून धरायचं, सीटवर बसल्यावर दाबतं तेवढं, लाजायचं नाही, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण करायची. जमिनीपासून समजा ९० सेंमी भरलं तर गुणिले ०.६७, म्हणजे ६०, ही तुमची फ्रेम. ०.८८३ ने गुणलं की साडेएकोणऐंशी, ही बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथं फिरतात त्या धुरीच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची. हा दुसरा आकडा ग्रेग लेमाँडच्या नावाने चालतो, तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला तो. सुरुवातीला ठीक आहे, पुढचं एक-दीड सेंमी तुमचा गुडघाच सांगेल.

पण हे ६० आडव्या टॉप ट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या) जुन्या फ्रेमचं. आता टॉप ट्यूब उतरती असते, एका कंपनीची ५८ दुसरीची ६१ निघते, कुठे नुसतं एक्सएल लिहितात, म्हणून वेबसाईटवर जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता उघडून स्टॅक आणि रीच बघा. स्टॅक म्हणजे हँडलकडची उंची, रीच म्हणजे पुढची लांबी. पाय लांब असतील तर जास्त स्टॅकवाली एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची, आरामशीर) बाईक घ्या, धड लांब असेल तर रीच आधी बघा. म्हणून तर नुसत्या उंचीवर साईज सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही.

स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा), हँडलची रुंदी, १७५ मिमीची क्रँक (पेडलचा दांडा) हे सगळं नंतर बदलता येतं, फ्रेम तेवढी नाही. ५६ला १३०-१४० मिमीचा स्टेम लावून देतो म्हणाले तरी नको, लांबी मिळते पण उंची मिळत नाही, आणि हँडल जड लागतं.

मोठी फ्रेम दुकानात नसेल तर मागवायला सांगा, अॅडव्हान्स देताना पावतीवर साईज लिहून घ्या, आणि आल्यावर त्र्यंबक रोडला अर्धा तास तरी चालवून मगच बाकीचे पैसे द्या.